दोघांचं मिळून वजन

१

रोज सकाळी सहा वाजता, चहाच्या आधी, मी बायकोला उचलून घ्यायचो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण हे कौतुक सुरू झालं या मार्चमध्ये, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.

रतनचं हृदय कमजोर झालं होतं. नगरच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून तिला घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांच्या यादीखाली 'रोज वजन' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. हृदयाला काम झेपेनासं झालं की अंगात पाणी साठतं, आणि ते सुजेवर दिसायच्या आधी काट्यावर दिसतं. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट बघत बसू नका, थेट गाडीत घालून आणा, म्हणाले.

"वजनाचं माझ्यावर सोडा डॉक्टर," मी म्हटलं. मी सत्तावीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क आहे. श्रीगोंदा तालुक्यातला निम्मा ऊस माझ्या खिडकीसमोरून गेलाय, असं मी पाहुण्यांना सांगतो. त्यावर रतन आतून म्हणते, "आन घरात गुळाचा खडा न्हाई."

डिजिटल काटा आणला. पण रतनला त्यावर उभं राहवेना. घेरी यायची, आणि मी दंड धरला की माझ्या हाताचा भार आकड्यात मिसळायचा. मग मी आमची कारखान्याची पद्धत काढली. भरलेली गाडी मोजायची, रिकामी मोजायची, वजाबाकी केली की ऊस. मी आधी एकटा उभा राहिलो, अडुसष्ट किलो चारशे. मग तिला दोन्ही हातांवर घेऊन उभा राहिलो, एकशे नऊ सहाशे. म्हणजे रतन एक्केचाळीस दोनशे.

"ऊस कमीच भरला की," ती म्हणाली आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसली.

वहीच्या पहिल्या पानावर मी 'रिकामं वजन ६८.४' असं लिहून भोवती चौकट आखली. बैलगाड्यांचं आम्ही असंच करतो. हंगामाच्या सुरुवातीला रिकामी गाडी एकदा मोजायची, तो आकडा गाडीच्या फळीवर रंगवायचा आणि पुढचे पाच महिने तोच धरायचा. रोज दोनदा मोजत बसायला वेळ कुणाला असतो?

२

हंगाम संपला होता. आम्ही हंगामी माणसं पावसाळा सरेपर्यंत घरीच. त्यामुळे रतनकडे बघत राहायला मला भरपूर वेळ होता, आणि मी तो सगळा वापरला.

तिचा श्वास मी मोजायचो. ती झोपली की छातीवरचा पदर हलतोय का बघायचो. ती खोकली की माझ्या हातातला घास हातातच राहायचा. भीती पोटात असते म्हणतात, माझी घशात बसली होती. भाकरी तिथपर्यंत जायची आणि अडायची. महिन्याभरात पट्ट्याची भोकं संपली, तेव्हा मी गॅसवर खिळा तापवून नवं भोक पाडलं. गच्चीच्या चौदा पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागायला लागलं.

शेजारच्या रंगुबाई कोथिंबीर द्यायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "भावजी, दुखनं रतनला झालंय का तुमाला?"

मी हसून टाळलं, कारण वही समाधानाची होती. रोज एकशे नऊ सहाशे. पहिल्या दिवशी तेच, दहाव्या दिवशी तेच, विसाव्या दिवशी तेच. चौकटीतला आकडा वजा केला की रतन एक्केचाळीस दोनशे. पाणी साठत नव्हतं. मला आणखी काय हवं होतं?

खरं म्हणजे तिथंच मला खटकायला हवं होतं. सत्तावीस वर्षांत एकाच गाडीचं वजन लागोपाठ दोन दिवस सारखं आलेलं मी पाहिलेलं नाही. विसाव्या दिवशी ते आलं असतं, तर मी गाडीवानाला खाली उतरवून काट्याखाली वाकून बघितलं असतं.

३

आमच्या काट्याला एक सवय आहे. पाय लावला की तो आधी मागचं वजन क्षणभर दाखवतो आणि मग शून्यावर येतो. मागचं वजन म्हणजे कालचं आमचं दोघांचं, १०९.६, असं धरून मी तिकडे बघायचोच नाही.

एप्रिलच्या एका सकाळी नजर गेली, तर तिथं ४४.१ लुकलुकलं.

मी पाय मागे घेतला. चव्वेचाळीस शंभर. माझं वजन हे नव्हतं. वहीप्रमाणे रतनचंही नव्हतं. घरात तिसरं माणूस नाही. रंगुबाई त्याच्या दुप्पट भरतील. मग काल सकाळनंतर या काट्यावर कोण उभं राहिलं?

"रतन, काट्यावर कुनी चढलं हुतं का?"

ती पलंगावर बसून केस बांधत होती. तेवढ्यात तिचे हात मला दिसले. दवाखान्यातून आली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. आता त्या मनगटावर जागच्या जागी होत्या.

"मीच," ती म्हणाली. "दुपारी तुमी झोपला की उभी ऱ्हाते, भिंतीला धरून. हातावर भार न्हाई देत. रोज वाढतंय वो. तुमाला सांगितलं तर परत दवाखान्यात न्याल म्हनून बोलले न्हाई. म्हटलं उतरंल."

मी एकटा काट्यावर उभा राहिलो. पासष्ट पाचशे.

पाथर्डीकडचा कानिफनाथ म्हणून एक ऊसतोड गाडीवान दर हंगामात माझ्या खिडकीशी वाद घालायचा. "सायेब, रिकामी गाडी परत मोजा की. लाकूड वाळतंय, चाकाला चिखल लागतोय. गाडी रोज तीच ऱ्हाती व्हय?" मी त्याला दरवेळी रंगवलेला आकडा दाखवून पुढे काढायचो.

मी वाळत गेलो होतो आणि माझा आकडा चौकटीत तसाच होता. माझं जेवढं घटलं तेवढं तिचं वाढलेलं त्यात झाकलं गेलं होतं. जवळजवळ तीन किलो. तीन किलो पाणी तिच्या अंगात भरत होतं आणि मी, वजनातला जाणकार, रोज सकाळी समाधानाने सही करत होतो. आठ वाजता आम्ही नगरच्या रस्त्याला होतो. वाटेत मी गाडीवाल्याला तीनदा म्हटलं, जरा दाब की बाबा.

४

डॉक्टरांनी तिची पावलं दाबून बघितली. छाती तपासली. मशीनवर हृदय बघितलं, कागद पुन्हा पुन्हा चाळले.

"पाण्याचा थेंब नाही," ते म्हणाले. "हे अंगाला लागलेलं वजन आहे. हृदयसुद्धा सुधारलंय. इतक्या लवकर मी सहसा बघत नाही."

मला रडू आलं. त्यांच्या टेबलावर डोकं टेकून मी रडलो आणि मला त्याची लाजही वाटली नाही. मी तिला मारत नव्हतो.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझाच हात पुढे ओढला. रक्तदाब, साखर, कार्डिओग्राम. काही निघालं नाही. "काळजी," ते म्हणाले. "घरात एक आजारी पडला की दुसरा झिजतो. आम्ही रोज बघतो. तुम्ही जेवा, झोपा. यांना सांभाळायला तुम्ही लागणार आहात."

साधी, शहाणी गोष्ट होती. ती ऐकून मी घरी आलो, वही उघडली आणि एक बेरीज केली. करायला नको होती.

तिचे चव्वेचाळीस शंभर, माझे पासष्ट पाचशे, एकूण एकशे नऊ सहाशे.

माणूस काळजीने झिजतो, मान्य. औषधाने सुधारतो, तेही मान्य. पण माझं झिजणं आणि तिचं सुधारणं शंभर ग्रॅमचाही फरक न पडता, एकतीस सकाळी, सारखं कसं होईल? काटाच बिघडला असेल, असं मी ठरवलं. कारखान्यातून तपासणीचं वीस किलोचं शिक्का मारलेलं वजन मागून आणलं. काट्यावर ठेवलं. वीस किलो बरोबर. पुन्हा ठेवलं. वीस किलो बरोबर. काटा माझ्याइतकाच प्रामाणिक होता.

त्या दिवसापासून मी तीन नोंदी ठेवायला लागलो. तिचं, माझं, आणि दोघांचं मिळून. तिसरा रकाना खरं तर लिहायची गरजच नव्हती.

५

आमची मुलगी निकिता सुप्याला एमआयडीसीत कामाला आहे, नवऱ्यासोबत तिथंच खोली करून राहते. डॉक्टरांचं बोलणं फोनवर ऐकून ती आठ दिवसांची रजा टाकून आली. तिने मला समोर बसवून खायला घातलं. शेंगोळे, तुपातला भात, दोन वेळचं दूध. "बाबा, ताट स्वच्छ झाल्याबिगर उठायचं न्हाई," असं, तिच्या लहानपणी मी दरडावायचो त्याच आवाजात, ती मला सांगायची.

गोड लागलं, खोटं कशाला बोलू? घशातली भीती थोडी सैल झाली. आठ दिवसांत मी त्रेसष्ट तीनशेवरून पासष्ट नऊशेवर आलो.

रतन शेहेचाळीस तीनशेवरून त्रेचाळीस सातशेवर.

ती जेवत होती. माझ्या शेजारी बसून, माझ्याइतकंच. तरी बांगड्या पुन्हा घसरायला लागल्या. सातव्या दिवशी ती न्हाणीतून पलंगापर्यंत येताना भिंत धरून उभी राहिली. ओठ जांभळट झाले होते. निकिता पंखा लावायला धावली. मी तिथंच बसून होतो, तोंडात भाताचा घास, आणि तो गिळावा की थुंकावा ते मला कळेना.

मी तो थुंकला.

यापुढचं कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. मी स्वतःलाही तेच म्हणत होतो. रामहरी, तू शिकलेला माणूस आहेस, दोन देहांना एक पोतं असतं का? पण आकडे माझ्यासमोर होते, आणि मी आयुष्यभर माणसांपेक्षा आकड्यांवर जास्त विश्वास ठेवलाय. निकिता परत गेली त्या दिवसापासून माझी भाकरी मी मागच्या दारी कुत्र्याला घालायला लागलो. रतनला सांगायचो, मी आधीच जेवलो.

तिचे ओठ चार दिवसांत पूर्ववत झाले.

६

जून संपेपर्यंत रतन स्वयंपाक करायला लागली. रंगुबाईंच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली. तिच्या हसण्याचा आवाज भिंतीपलीकडून यायचा आणि मी इकडे पलंगावर पडून तो ऐकायचो. मला आनंद व्हायचा. भीतीही वाटायची, पण ती आता माझी एकट्याची होती, आणि ती मला परवडत होती.

आता तिला उचलणं मला झेपत नव्हतं. ती एकटी काट्यावर उभी राहायची, मी एकटा उभा राहायचो, आणि बेरीज मी मनातल्या मनात करायचो.

दुपारी मला गाढ झोप लागायची. एकच स्वप्न पडायचं. मला कुणीतरी उचलून घेतलंय, उन्हातून सावलीत नेतंय. जाग आली की गुडघ्यांच्या मागे घाम असायचा. म्हटलं उकाडा आहे. मग एकदा खाटेवर बसून पाय पुसताना गुडघ्यामागे वळ दिसले. बारीक, वाकडे, एकाखाली एक सहा. बांगड्यांचे.

दुसऱ्या दिवशी काट्याला पाय लावला, तर आदल्या सकाळचं माझं एकट्याचं वजन लुकलुकायला हवं होतं. तिथं १०९.६ लुकलुकलं.

त्या दुपारी मी डोळे मिटून जागा राहिलो.

ती आली. तिची पावलं पूर्वी घासत पडायची, आता पडतच नव्हती म्हणावं इतकी हलकी होती. एक हात माझ्या पाठीखाली गेला, एक गुडघ्यांखाली. तिने मला उचललं. धाप नाही, हुंकार नाही. ज्या बाईला तांब्या उचलताना हृदय सांभाळायला सांगितलं होतं, तिने मला सुपातल्या दाण्यांसारखं उचललं. पाच पावलं. काटा वाजला.

"एकशे नऊ सहाशे," ती पुटपुटली. मग माझ्यासारखीच, शब्द ओढत, "माझं सत्तावन्न नऊशे. म्हंजी यांचं एक्कावन्न सातशे."

ती खाली उतरली नाही. तशीच उभी राहिली. समोर कपाटाचा आरसा आहे हे मला ठाऊक होतं, आणि मी डोळे किलकिले केले.

आरशात रतन होती. भरल्या गालांची, लग्नात होती तशी. तिचं मला नवल वाटलं नाही. तिच्या हातावर जे होतं त्याच्याकडे मी बघितलं आणि लगेच डोळे मिटले. ते किती लहान होतं ते मी सांगणार नाही. एक्कावन्न किलोचं ते नव्हतं.

माझ्या गालावर गरम थेंब पडला.

"जागं हायसा, मला ठावं हाय," ती म्हणाली. "मला असं बरं व्हायचं नगं हुतं वो."

७

त्या संध्याकाळी आम्ही बोललो. तिला सगळं कळलं होतं. कुत्रा लठ्ठ झाला होता, त्यावरून तिला पहिला संशय आला. मग तिने वहीतले रकाने बघितले. तीसुद्धा चार दिवस उपाशी राहिली होती, मला कळू न देता, आणि त्या चार दिवसांत मला बरं वाटलं होतं. तेव्हा मी ते पावसाळी हवेच्या नावावर घातलं होतं.

"निम्मं निम्मं करू," ती म्हणाली. शेतातल्या बांधाचा वाद मिटवावा तसं. "तुमी बी जगा, मी बी जगते."

एकशे नऊ सहाशेचे निम्मे चोपन्न आठशे. तिने माझ्यासमोर भाकरी मोडली आणि दोन तुकडे असे बघितले की मला हसू आलं. तीन आठवडे आम्ही तसंच जेवलो. घास मोजून, एकमेकांकडे बघून. ऑगस्ट लागला तेव्हा ती चोपन्न आठशे आणि मी चोपन्न आठशे. तिला जिना चढताना थोडी धाप लागायची, मलाही. दोघं मिळून सातव्या पायरीवर थांबायचो. मी तिला म्हटलं, लग्नात सप्तपदी झाली त्यानंतर आपण आत्ताच बरोबरीने चाललो. ती म्हणाली, "तवाबी तुमी पुढंच पळत हुता."

माझ्या घशातली भीती पहिल्यांदा पूर्ण उतरली. हे कसं होतं, कशामुळे होतं, मी विचारणं सोडून दिलं. एवढंच मागितलं की आहे ते राहू दे.

८

ऑगस्टच्या मध्यावर बेरीज एकशे नऊ नऊशे आली.

मी चार वेळा केली. मग रतनला हाक मारली. ती ओल्या हातांनी धावत आली आणि वहीकडे बघत म्हणाली, "वाढलं की वो!" दुसऱ्या आठवड्यात एकशे अकरा. मग एकशे बारा चारशे. दोघांचंही वाढत होतं, एकाचं घटून दुसऱ्याचं वाढत नव्हतं. सुटलो, मी म्हटलं. जे काय होतं ते संपलं. भाकरी मोडायची आम्ही बंद केली. पट्टा एक भोक मागे आला. जिना आम्ही न थांबता चढलो आणि वर गच्चीत उभं राहून उगाचच हसलो. मी पेढे आणून रंगुबाईंकडे दिले, कारण न सांगता.

रविवारी सकाळी निकिता आली. मधल्या काळात ती रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायची. बाबा, जेवला का? आई, धाप लागती का? मला डबा खाताना बी तुमचंच डोक्यात असतं, असं ती म्हणायची. आम्ही बरं आहे म्हणायचो, आणि ते खरंच होतं.

ती दारात चपला काढून उभी राहिली. आम्हा दोघांना बघून तिचा चेहरा उजळला. "किती छान दिसताय दोघं! मी उगंच जिवाला घोर लावून घेतला." ती आत आली, रतनच्या गळ्यात पडली. रतनचे हात तिच्या पाठीवर गेले आणि तिथंच थांबले. मुलीच्या पाठीवरून रतनने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला मरेपर्यंत पुरेल.

निकिता माझ्याजवळ येऊन बसली. डाव्या हातातलं घड्याळ तिने वर सरकवलं, ते पुन्हा खाली घसरलं.

"बाबा, तुमचा तो खिळा कुठंय वो? माझ्या पट्ट्याला अजून एक भोक पाडून द्या ना."

खिळा खिडकीत होता, तिला दिसेल असा. मी उठून त्याच्यापुढे उभा राहिलो.

"हरवला," मी म्हटलं. आत रतनने परातीत घेतलेलं आमच्या दोघांचं पीठ पुन्हा डब्यात ओतल्याचा आवाज आला.